मानेचे अधिकारक्षेत्र

दिवाणी न्यायालयात दावा आला की त्याच्या गुणदोषात शिरण्याआधी एक प्रश्न निकाली काढावा लागतो: हा दावा चालवण्याचा अधिकार या न्यायालयाला आहे काय? वर्ध्याच्या न्यायालयात कारकुनीची सगळी वर्षे मी हा प्रश्न इतरांच्या कागदांना विचारत आलो. निवृत्तीनंतर सेलूला स्थायिक झालो तरी सवय सुटली नाही. बसथांब्याला छप्पर नाही, पुलाचा कठडा वाहून गेला, रोहित्र जळून गाव अंधारात आहे, अशा प्रत्येक बाबतीत मी अर्ज लिहिले. आणि ज्याच्या अखत्यारीत तो विषय येतो, त्याच्याच नावाने लिहिले. भलत्या कार्यालयात अर्ज देऊन वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या लोकांवर मी मनापासून चिडत असे.

मग माझ्या उजव्या हातातून पेन सुटू लागले.

प्रथम मी पेनाला दोष दिला, नंतर कागदाला. अक्षर ओळ सोडून खाली उतरू लागले. बोटांना मुंग्या येत. कधी वाटे, हातावर पातळ हातमोजा चढवला आहे. मी कुणाला काही बोललो नाही. ज्या माणसाचे सगळे बळ लिहिण्यात आहे, त्याने आपली बोटे आपली राहिली नाहीत हे मोठ्याने कसे म्हणावे? पण पत्नीच्या नजरेतून काही सुटत नाही.

"काऊन हो, सदरा उघडाच घालून हिंडता का आता?"

"बटण मोठे आहे. काजातून जात नाही."

"बटण तेच आहे अन् काजही तेच आहे. बोटाचं सांगा."

मी सांगितले. सांगताना आवाज चढवला, कारण चढवला नसता तर तो कापला असता.

आमच्या भागात असल्या दुखण्याचे निदान कुणीही करतो आणि ते एकच असते: ताकद कमी झाली. हिंगणीहून आलेला माझा धाकटा भाऊ, जो आयुष्यभर भाजीची पोती मानेवर वाहत आला आहे, त्यानेही तेच सांगितले. "तुम्ही जिंदगीभर फाईलच उचलली दादा. आता जिममध्ये जा."

नागपूर रस्त्यावर पूर्वी खताचे गोदाम होते, तिथे आता व्यायामशाळा आहे. फलकावर एका दंडाचे चित्र आणि खाली मजकूर: वजन घटवा, ताकद वाढवा, मान-पाठ-गुडघेदुखी घालवा. प्रशिक्षक आमच्याच ओळखीच्या कुटुंबातला. घरची माणसे सेलूच्या बाजारात वांगी-टोमॅटो आणतात. तिशीतला, हसतमुख, कष्टाळू गडी. भिंतीवर त्याचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. मी चष्मा चढवून त्यातला शब्द न् शब्द वाचला, शिक्का पाहिला, क्रमांक मोबाईलवर पडताळून घेतला. प्रमाणपत्र अस्सल निघाले. माझे समाधान झाले. न्यायालयात बसून साक्षीदाराची ओळख पटवावी आणि तो कोणत्या घटनेचा साक्षीदार आहे हे विचारायचेच राहून जावे, तसे ते समाधान होते. कागद खरा होता. तो धडधाकट माणसाला व्यायाम शिकवण्याचा होता. माझ्या मानेबद्दल त्यात एक अक्षर नव्हते.

मी त्याला सगळे सांगितले. मुंग्या, बटण, पेन.

"ग्रिप गेली म्हणते काका त्याले. वापरलं नाई तर लोखंड बी गंजते न! महिनाभर वजन उचला, मग काकूले खांद्यावर बसवून बाजारात न्याल."

आजूबाजूची पोरे हसली. मीही हसलो. भ्यालेल्या माणसाला आपला आजार साधा आहे असे सांगणारा कुणीही देवासारखा वाटतो.

सुरुवातीला खांदे हलके वाटले. मग एके सकाळी डोक्यावर दोन वजने उचलून झाल्यावर त्याने सांगितले, "आता हनुवटी छातीले लावा, मान मोकळी करा." मी मान खाली केली आणि मणक्यातून टाचेपर्यंत विजेचा झटका उतरला. हातातले वजन सुटून फरशीवर आदळले. मी भिंतीला धरून उभा राहिलो.

"नस मोकळी झाली काका! चांगली खूण आहे."

खोटे साक्षीदार मी पुष्कळ पाहिले आहेत. हा खोटा नव्हता. त्याचा त्यावर पूर्ण विश्वास होता, आणि म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला. खोट्याला उलटतपासणीत पकडता येते. प्रामाणिक अज्ञानाला कुठे पकडायचे?

घरी निघालो तर पाय कापसावर पडत होते. रस्ता तोच, पण तो पायांना कळत नव्हता. ओसरीवर येऊन बसलो तेव्हा पत्नी माझ्या पायांकडे पाहत राहिली.

"एक चप्पल कुठे टाकली?"

मी खाली पाहिले. उजवा पाय अनवाणी होता, तळव्याला खडी रुतून रक्त आले होते, आणि मला त्यातले काहीच समजले नव्हते. त्या क्षणी मला जी भीती वाटली तिला आवाज नव्हता. मी रागावण्याचा प्रयत्न केला. रागही आला नाही.

पत्नीच्या गुडघ्यावर वर्ध्याच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी उपचार केले होते. दुसऱ्याच दिवशी ती मला तिकडे घेऊन गेली. बसमध्ये मी मान अशी धरून बसलो होतो, जणू डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर आहे. प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होतो.

बाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला कोणत्याही यंत्रावर बसवले नाही. त्या विचारत राहिल्या. कधीपासून, कोणती बोटे, आधी हात की आधी पाय, अंधारात तोल जातो का, लघवीला काही फरक पडला का. शेवटच्या प्रश्नावर मी चिडलो.

"माझा हात बिघडला आहे. तुम्ही भलतीकडे जाता आहात."

"रात्रीतून उठते हा माणूस, अन् धावतच जाते," पत्नीने परस्पर साक्ष देऊन टाकली. बाईंनी मान डोलावली. त्यांना ते उत्तर अपेक्षित होते असे दिसले, आणि मला ते आवडले नाही.

मग त्यांनी मला फरशीच्या रेघेवरून, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालायला सांगितले. मला चालता आले नाही. पत्नीने दंड धरला. मूठ भराभर उघडा-मिटा म्हणाल्या. उजवी मूठ म्हाताऱ्या कासवासारखी उघडत होती. शेवटी त्यांनी माझा हात आपल्या हातावर सैल ठेवला आणि मधल्या बोटाच्या नखाला हलकीशी टिचकी मारली. माझा अंगठा टुणकन आत वळला.

मी तो वळवला नव्हता. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा वळला. माझ्याच हाताचा अंगठा, माझ्या देखत, माझ्या हुकमाशिवाय.

"व्यायाम सांगा," मी म्हणालो.

"आज एकही नाही, काका. आणि जिमही बंद. मी तुमच्या मानेला हातसुद्धा लावणार नाही."

"मग तुमचे काम काय?"

"आज तुम्हाला थांबवणं. ट्रेनर शरीर ठीक आहे असं धरून चालतो आणि ते वाढवतो. आम्हाला आधी काय बिघडलंय ते शोधावं लागतं. ते आमच्या हातातलं असेल तर उपचार करतो, नसेल तर डॉक्टरांकडे पाठवतो. तुमचा हात बिघडलेला नाही. मानेतला मज्जारज्जू दाबला जातोय असं मला वाटतं. एमआरआयचा फोटो काढल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, पण उद्यावर ढकलू नका."

आमच्या भाषेत याला दावा योग्य न्यायालयाकडे वर्ग करणे म्हणतात. मोठमोठ्या हुद्द्याची माणसे हे करायला कचरताना मी पाहिली आहेत. आपल्यापुढे आलेले प्रकरण आपले नाही हे ओळखणे आणि तसे म्हणणे, हा अधिकाराचा भाग आहे. बाईंनी माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला.

रुग्णालयातल्या शल्यचिकित्सकांनी फोटो उजेडासमोर धरला. मानेच्या ठिकाणी पांढरी दोरी दोन्हीकडून चिमटली होती. शस्त्रक्रिया केली तर बिघाड पुढे सरकणे थांबेल, ते म्हणाले; गेलेले किती परत येईल ते सांगता येत नाही. न केल्यास काय, हे मी विचारले नाही. पत्नीने विचारले. उत्तर ऐकताना मी खिडकीबाहेर पाहत होतो.

संमतीपत्र मी पूर्ण वाचले. सही करायला पेन घेतले आणि ते घरंगळत पलंगाखाली गेले. परिचारिकेने उचलून दिले, पुन्हा गेले. मग तिने शाईचा डबा पुढे केला आणि माझा उजवा हात धरला. "पुरुषाचा डावा अंगठा," मी म्हणालो, आणि डावा पुढे केला. नोकरीत किती जणांचे अंगठे मी असे धरले असतील. शाई इतकी गार असते हे मला ठाऊक नव्हते.

शस्त्रक्रिया झाली. मानेला पट्टा लागला, आणि भीती जराशी मागे सरताच माझा राग परत आला. मी पत्नीला व्यायामशाळेच्या नावे नोटीस सांगू लागलो: फलकावरून दुखण्यांचे आश्वासन काढावे, मुंग्या आणि अशक्तपणा सांगणाऱ्या माणसाला वजन न देता डॉक्टरांकडे धाडावे, अन्यथा ग्राहक मंचात जाण्यात येईल.

"'निर्लज्ज' लिहू का 'बेजबाबदार'?"

"दोन्ही."

"एकच लिहीन. मनगट दुखते माह्यं. अन् पोराचा बाप आपल्याले भाजी देते, हे ध्यानात ठेवा."

तिने 'बेजबाबदार' लिहिले. नोटीस रवाना झाली.

त्यानंतरचे महिने त्या फिजिओथेरपिस्ट बाईंचे. तुरीच्या दाण्यांतून हरभऱ्याचे दाणे वेचायचे. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे, काढायचे. रेघेवरून चालायचे. दर वेळी त्या आधी तपासत, मग ठरवत. काल दिलेला व्यायाम आज काढून घेत. बटण लागू लागले. अक्षर ओळीवर आले. करंगळी आणि शेजारचे बोट मात्र अजून परक्याची आहेत, आणि बहुधा तशीच राहतील.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "आता तुम्हाला खरंच ताकद हवी आहे, काका. ते काम जिममध्ये चांगलं होईल. डोक्यावर काही उचलायचं नाही, मान वाकवायची नाही, झटका आला तर त्याच क्षणी थांबायचं. ट्रेनरशी मी बोलते."

सेलूत व्यायामशाळा ती एकच. दारात मी किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. फलकावरचे 'मान-पाठ-गुडघेदुखी घालवा' हे शब्द रंगाने झाकले होते. रंग जुळला नव्हता. आत पाऊल टाकताच मान आपोआप ताठ झाली. प्रशिक्षक मला पाहून उठला, पण हसला नाही.

"मॅडमचा फोन आलता. पण मी नाई घेत काका तुमची जबाबदारी. तुमची नोटीस माह्या बापानं वाचली. जेवला नाई त्या दिवशी. तुम्हाले काही झालं तर आम्ही कुठे जाऊ?"

 मी चपला तिथेच काढून ठेवल्या.

"मलाही भीती वाटते आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी पत्नीजवळही कधी उच्चारले नव्हते.

त्याने माझ्या मानेवरचा पट्ट्याचा जुना वळ पाहिला. मग म्हणाला, "कोणत्या बोटात नाई समजत?"

मी दाखवली. त्याने ती दोन बोटे स्वतः दाबून पाहिली, समजते का विचारले, नाही म्हणालो तर पुन्हा विचारले. मग त्याने सगळ्यांत लहान वजन आणले, माझ्या मुठीत दिले, आणि आपला पंजा त्याच्या खाली धरून ठेवला.

"कमरेच्या वर नाई न्याचं."

"सुटले तर?"

"सुटलं तर माह्या हातावर पडन. धरा."

मी धरले. आम्ही दोघेही श्वास रोखून त्या दोन बोटांकडे पाहत होतो.