बाबांचे ठोके कुणाचे?

शटरवाल्यानं बसवलेलं शटर अडकलं, असं गावात एक तरी दुकान दाखवा! आठवीनंतर शाळा सुटली खरी, पण स्प्रिंग कुठं ढिली पडली ते तो नुसत्या आवाजावरून सांगतो. आणि अशा भावाची बहीण काय कमी असेल? मनगटावरचे पट्टे, छातीला चिकटवायच्या चकत्या, अशी दवाखान्याची जी हुशार यंत्रं निघालीत, त्यांनी कुणाला काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं, याचे अख्ख्या देशाचे नियम ठरतात त्या कचेरीत धाकटी बसते. तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत कोण सोडायचं? हाच. म्हणून तर ग्रीस मागायला आलेलं गिऱ्हाईकही धाकटीची कीर्ती ऐकल्याशिवाय सुटत नसे.

घोळ झाला तो बाबांच्या पट्ट्यावरून. दवाखान्यानं त्यांच्या मनगटाला पट्टा बांधला होता. तो हृदयाचे ठोके मोजायचा आणि काही कमीजास्त झालं की बाबांच्या फोनवर निरोप यायचा. बाबा निरोप वाचायचे आणि फोन उशाखाली सारायचे. त्या आठवड्यात ते दोनदा जिन्यातच कठडा धरून खाली बसले. विचारलं तर म्हणाले, "चप्पल निसटली रे."

शटरवाला तडक दवाखान्यात गेला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "पेशंटनं परवानगी दिलेल्या माणसालाच सांगता येतं. तुम्हाला नाही दिलेली."

"अहो, मी थोरला मुलगा!"

"असाल. पण नवा नियम आहे. वरून आलाय."

"वरून म्हणजे माझ्या बहिणीकडूनच की!"

"अगबाई! मग तुम्हाला तर तो तोंडपाठ असेल."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. शटरवाल्यानं तिथूनच बहिणीला फोन लावला.

"दादा, तो नियम मीच लिहिलाय," धाकटी म्हणाली. "आणि तो तुलाही लागू आहे."

"अगं, यंत्राला थोरला-धाकटा कळतो की नाही?"

"नाही कळत."

"मग शिकवा त्याला! बसता कशाला तिथं?"

"तेच तर चाललं होतं. बैठकीत सगळे म्हणत होते, घरातल्या कर्त्या माणसाला आपोआप दिसू दे. मी एकटी अडून बसले. म्हटलं, ठोके ज्याचे, त्यालाच विचारा."

"एकटी? सगळ्यांसमोर?"

"हो."

शटरवाल्याची छाती फुगली. पोरगी कुणाची बहीण आहे! मग एकदम ध्यानात आलं की ती अडून बसली ती आपल्याच वाटेत. आता हिला शाबासकी द्यावी की शिव्या, त्याला कळेना. "बरं केलंस" म्हणावं तर बाबांचं काय होतंय ते समजत नाही. "वाईट केलंस" म्हणावं तर जीभ उचलत नाही.

"तू घरच्या घरी सांग ना मला," तो आवाज खाली आणून म्हणाला.

"मलाही नाही दिसत, दादा. तू बाबांनाच विचार."

विचार! आजवर त्यानं बाबांना सांगितलं होतं: स्वेटर घाला, मीठ कमी खा, उन्हात जाऊ नका. विचारलं कधीच नव्हतं. कसं विचारतात तेही ठाऊक नव्हतं. घरी येऊन तो खाटेजवळ उभा राहिला, दोनदा घसा खाकरला.

"बाबा, ते ठोक्यांचं... मला बघू द्याल?"

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बघितलंस की माझं दुकानात यायचं बंद करशील."

"करीन," तो बोलून गेला.

"मग नाही देत."

"बरं, नाही करणार! म्हणजे... बघू."

"बघू म्हणजे काय?"

"म्हणजे मलाच कळत नाहीये, बाबा. तुम्ही जिन्यात बसता तेव्हा माझे हातपाय गार पडतात. मग काहीतरी बंद केल्याशिवाय मला चैन पडत नाही."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग उशाखालून फोन काढला, अंगठा टेकवला आणि त्याच्या हातात दिला. पडद्यावर पिवळ्या खुणांची रांग लागली होती. प्रत्येकीखाली एकच वाक्य: ठोके अधूनमधून थांबतात, डॉक्टरांना भेटा. बाबा कुठंच गेले नव्हते. त्याच्या तोंडात ओरडा आला होता. तो त्यानं कसाबसा गिळला आणि स्कूटर काढली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवावं लागेल, ते थांबलेला ठोका पुढं ढकलतं, असं त्यांनी समजावलं. सगळं बाबांकडे बघून. शटरवाल्यानं मध्ये तीनदा तोंड उघडलं, तीनही वेळा त्या म्हणाल्या, "यांना ठरवू दे."

आपल्याला आधी कळलं असतं तर बाबा आधीच इथं आले असते. की पोराला सगळं दिसतंय म्हणून पट्टाच काढून फेकला असता त्यांनी? दोन्ही खरं वाटत होतं. धाकटी असती तर म्हणाली असती... काय म्हणाली असती, तेही त्याला सुचेना.

बाबा खुर्चीत वळले. "काय रे, बसवून घेऊ का?"

साऱ्या बाजाराला सल्ले देणारा तो माणूस आधी डॉक्टरीणबाईंकडे वळला, मग बाबांकडे. "तुम्हाला भीती वाटतेय का?" त्यानं विचारलं.

"वाटतेय."

"मलापण," शटरवाला म्हणाला आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला.