मामूंची एटीकेटी

जगातली कुठलीही आपत्ती पुढच्या सत्रात ढकलता येते, यावर आमच्या शेजारच्या मामूंइतकी गाढ श्रद्धा असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मामू मूळचे रत्नागिरीकडचे. गेली पंचवीस वर्षं ते इथे आखातात, रास अल खोरला मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामावर आहेत. त्याआधी त्यांनी मुंबईत बी.कॉम. केलं, आणि तेही जवळजवळ सबंध एटीकेटीवर. एखाद्या विषयात नापास झालं तरी वरच्या वर्गात बसायचं आणि तो विषय मागाहून सोडवायचा, ही विद्यापीठाची सवलत त्यांना इतकी मानवली की पुढे सगळा संसार त्यांनी त्याच नियमाने चालवला. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं की मामू म्हणणार, "एटीकेटी लागली, पुढच्या रिपोर्टला क्लिअर करू." व्हिसाची मुदत संपल्यावर मिळणारे जादा दिवस म्हणजे एटीकेटीच. एकदा आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत आम्ही सहाजण घामाघूम, एक बाई तर रडायलाच लागल्या. मामूंनी शांतपणे जाहीर केलं, "घाबरू नका, बिल्डिंगला एटीकेटी आहे." रडणाऱ्या बाई हसल्या. मामूंच्या सहवासात माणूस हसतोच, आणि हसण्याच्या भरात विचार करायचं राहून जातं.

त्यांची मुलगी सना अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत अकरावीला होती. तिथे एकूण टक्के कितीही पडोत, प्रत्येक विषयाचं क्रेडिट वेगळं मोजतात, आणि ठरलेली सगळी क्रेडिटं जमल्याशिवाय बारावीचं प्रमाणपत्र हातात पडत नाही. सना गणितात उडाली. जूनमध्ये शाळेचं पत्र आलं, 'क्रेडिट रिकव्हरी'बद्दल. मामू ते घेऊन माझ्याकडे आले, कारण मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात दिवसभर इंग्रजी पत्रंच लिहितो. मी दोन ओळी वाचल्या असतील नसतील, तोच मामू म्हणाले, "म्हणजे आपली एटीकेटीच ना, हबीबी? अमेरिकेने पण कॉपी मारली बघ!" मला हसू फुटलं. म्हटलं, "हो मामू, एटीकेटीच."

"मग खलास! गावी भाचीचं लग्न आहे, ते करून येऊ. पेपर काय, पुढच्या वर्षी देईल."

सना दारातच उभी होती. तिने विचारलं, "अंकल, आर यू शुअर?" "शुअर," मी म्हणालो. बुडालेलं क्रेडिट भरून काढायचा सुट्टीतला वर्ग याच जुलैत करायचा, नंतर ही सोय नाही, असं पत्राच्या खालच्या अंगाला लिहिलेलं होतं. ते मी वाचलंच नव्हतं.

सना लग्नात नाचून आली, बारावीत गेली, वर्षभर मान मोडून अभ्यास केला. एप्रिलमध्ये शाळेतल्या समुपदेशक बाईंनी बोलावलं, तेव्हा मामूंनी मलाही सोबत नेलं. बाई म्हणाल्या, "अंकल, एक क्रेडिट शॉर्ट है. इस साल ग्रॅज्युएट नहीं होगी." मामूंना ते कळेचना. "मॅडम, टोटल देखो ना! बयासी टक्का है बच्ची का!" टोटलचा इथे संबंध नाही, तो विषय आता पुढच्या वर्षी पुन्हा वर्गात बसूनच करावा लागेल, असं बाईंनी समजावलं. म्हणजे पुण्याच्या कॉलेजातली तिची ठरलेली जागा गेली. मामूंनी हात जोडले. "लेटर मेरे को समझा नहीं. फेल मेरे को करो ना, मॅडम." बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. सना हळूच म्हणाली, "अब्बा, प्लीज. लेट्स गो." मामूंनी त्या खोलीत माझं नाव घेतलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

तिच्या वर्गाचा ग्रॅज्युएशनचा, म्हणजे बारावीची प्रमाणपत्रं वाटण्याचा समारंभ होता त्या दिवशी मामूंनी रजा टाकली आणि सनाला खोर फक्कानच्या समुद्रावर न्यायचं ठरवलं. मला म्हणाले, "तू पण चल रे. दोघंच असलो तर बोलायचं काय?" तिथे सना वाळूत बसून राहिली. फोन तिने शेजारी पालथा ठेवला होता आणि तो सारखा थरथरत होता. मैत्रिणींचे झग्यातले, टोप्यांतले फोटो येत असणार. आम्ही लांब उभे होतो. मामू म्हणाले, "रडत नाही रे ती. रडली असती तर जवळ तरी गेलो असतो."

मला राहवलं नाही. म्हटलं, "मामू, ते पत्र मी पूर्ण वाचलं नव्हतं."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. त्यांची नजर सनावरच होती. "मी बघत होतो ना तुझ्याकडे. म्हणणार पण होतो, खालचं वाच म्हणून. पण तू हसलास, आणि मला इतकं बरं वाटलं रे."