मागं तोंड असलेला बाक

धर्मपाल गजभियेंनी चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं काढली. गार्डच होते ते! समोरून येणारं गाव बघायचा मान इंजिनवाल्याचा. यांच्या वाट्याला मागं पडलेलं. मग रिटायर झाले, बायको कमलाबाई वारल्या, पोरगा नोकरीपायी विशाखापट्टणमला गेला, आणि रायपुरात भनपुरीच्या घरात वाटीभर तांदळाचा कुकर लागू लागला.

यंदा दिवाळीला ते पोराकडे गेले. परतायच्या आदल्या दिवशी सहा वर्षांच्या नातीनं, यशोधरेनं, समुद्राकाठचं प्राणिसंग्रहालय बघायचा हट्टच धरला. तिथल्या बॅटरीच्या गाडीत सगळे पुढं बसले. हे मात्र सवयीनं मागं तोंड असलेल्या शेवटच्या बाकावर जाऊन टेकले.

"बाबा, पुढं या ना," पोरगा म्हणाला.

"राहू दे. मले इथंच बरं वाटते."

पुढून यशोधरा ओरडायची, "आजोबा, बाघ!" यांना वाघ दिसायचा तो दूर जाताना. मग हरणं, मग पाणघोडा, तसंच. झाडांमधून समुद्र चमकला, तोही मागंच राहिला.

शेवटी पोट्टी वैतागली. मगरींपाशी गाडी थांबली तशी धावत येऊन त्यांच्या शेजारी बसली. गाडी सुटली. ती मागं पडणाऱ्या मगरींकडं बघत राहिली.

"आजोबा, यहाँ से तो सब जाता हुआ ही दिखता है."

"हव," ते म्हणाले. उद्या फलाटावर उभी असलेली तूही अशीच दिसशील, हे ओठांवर आलेलं त्यांनी गिळून टाकलं.