पेन्सिलीतली हद्द

सोनावणेकाका गेले हे मला उल्हासनगरच्या कोर्टात कळलं. माझ्या ऑफिसखालच्या सिंधी कापडवाल्याकडे बदलापूरहून फोन आला होता. तो बिचारा गिऱ्हाईक सोडून निरोप घेऊन धावत आला. आणि मी काय केलं? हातातली उलटतपासणी पुरी केली, पुढची तारीख घेतली, मग निघाले. बदलापुरात आमच्या हेंद्रेपाड्याला पोचले तेव्हा त्यांना न्यायची तयारी झाली होती. सुशीलाकाकू मला बघून एवढंच म्हणाल्या की आलीस ते बरं झालं. महिना उलटून गेला तरी त्या दिवसाची लाज जात नाही.

आम्ही शेजारी, भिंतीला भिंत लागून. काका नकाशांच्या सरकारी कार्यालयात नकलनवीस होते. जुने नकाशे ट्रेसिंग कापडावर शाईने उतरवायचे आणि खाली ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असं लिहून सही ठोकायची, हे त्यांचं जन्माचं काम. माणूस भलताच काटेकोर. जयंतीच्या मिरवणुकीचा रस्ता जरा कागदावर काढून द्या म्हटलं, तर पावलं मोजत कुळगावपर्यंत जाऊन आले. पोरं हसायची, काकांना ढिम्म फरक पडत नसे. मी वकील झाले त्या दिवसापासून ते मला ‘वकीलसाहेब’ म्हणायला लागले, त्याआधी ‘ए कार्टे’ होतं. मला कार्टेच जास्त आवडायचं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका संध्याकाळी काका वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आले. चेहरा पार उतरलेला. कोकणात एका खाडीच्या तोंडाशी खारबेट नावाचं टिचभर बेट आहे. स्वातंत्र्याआधी खाडीच्या एका काठाला संस्थान होतं, दुसऱ्या काठाला इंग्रजी मुलूख. बेटावरच्या कोळ्यांची घरं संस्थानाने दिलेल्या सनदेवर उभी होती. आता सरकारला तिथे जेट्टी हवी होती आणि सरकारी वकील सांगत होता की बेट संस्थानाचं कधी नव्हतंच, ते इंग्रजांच्या हद्दीतलं. म्हणजे सनद कवडीमोल आणि तीन पिढ्या तिथे जाळी वाळवणारी माणसं घुसखोर. गोरे आपल्या घरी गेले त्याला एवढी वर्षं झाली, पण त्यांची रेघ बेटाच्या अलीकडून जाते की पलीकडून, यावर कुणाची चूल राहणार ते ठरत होतं. पुरावा एकच, इंग्रजी अमदानीतला नकाशा. मूळ प्रत रेकॉर्डरूममध्ये ओल लागून कुजून गेलेली. उरली होती ती नक्कल, तिच्यात बेट इंग्रजांच्या बाजूला, आणि तिच्यावर सही सोनावणेकाकांची.

“मूळ नकाशावर बेट संस्थानाकडे घेणारी रेघ होती,” काका म्हणाले. “पेन्सिलीची. मी ती उतरवली नाही.”

मला आधी कळेचना. मग त्यांनी समजावलं. जी हद्द साहेबाने मंजूर करायची बाकी असे, ती मोजणीदार पेन्सिलीने आखून ठेवत आणि मंजुरी आली की तिच्यावर शाई फिरवत. या बेटाच्या रेघेवर शाई फिरवायची कुणी तसदीच घेतली नव्हती. आणि कार्यालयात नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून घोकून घेतलेलं, की शाईचं तेवढं उतरवा, पेन्सिलीचं कच्चं काम असतं, ते सोडा. काका तेव्हा नवे होते. नियम म्हणजे नियम. एखाद्या बेशिस्त माणसाच्या हातात तो नकाशा पडला असता, तर त्याने बिनदिक्कत ती रेघ ओढली असती... आणि खारबेट वाचलं असतं.

काकांना कोर्टात उभं राहून हे सांगायचं होतं. मी लगेच अक्कल पाजळली. खात्याची चौकशी लागेल, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, पेन्शन अडकेल, तीस वर्षांपूर्वीच्या पेन्सिलीवर जज विश्वास तरी ठेवेल का. काका ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, तू लिही. दुसऱ्या दुपारी सुशीलाकाकू आल्या, माझा हात धरून रडल्या. यांना थांबव गं, तुझंच ऐकतील म्हणाल्या. मग मी काय केलं, तर प्रतिज्ञापत्र लिहिलं, काकांची सही घेतली आणि ते कोळ्यांच्या वकिलाकडे पाठवलंच नाही. विचारलं की सांगायचे, अजून वेळ आलेली नाही काका. ते विश्वास ठेवत होते. कोर्टाने पुरावे घेणं बंद केलं तेव्हा सांगितलं, आता उशीर झाला. ते एवढंच म्हणाले, “चल, काकूने चहा ठेवलाय.”

निकालात नक्कल जशीच्या तशी खरी धरली गेली. बेट इंग्रजी मुलखात, म्हणून सरकारचं. घरं उठली. काकांना पेन्शन पूर्ण मिळाली, कुठेही अडली नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या माणसांना शोधून काढलं. खाडीच्या काठावर त्यांना जागा दिली होती, तिथे दारोदार जाऊन सांगत राहिले की चूक माझी आहे. एका बाईने मासे धुतलेलं पाणी अंगावर ओतलं. त्याच शर्टात बदलापूरला परतले. काकूंनी तो दोनदा धुतला, तरी वास जाईना. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. मी म्हटलं, कशाला जाता, मार खाल. म्हणाले, मारायचा त्यांना हक्क आहे.

परवा त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला वंदना झाल्यावर लोक दोन-दोन शब्द बोलले. काटेकोर, सज्जन, वगैरे. शेवटी दाराजवळ बसलेला एक म्हातारा उठला. खारबेटचा महादू. गेल्या काही वर्षांत त्याची आणि काकांची दोस्ती झाली होती म्हणे, मला पत्ताही नव्हता.

“साहेब आमच्या दारात येऊन चुकलो बोलला,” महादू म्हणाला. “मी विचारलं, मंग कोर्टात का नाय बोललास? बोलला, निघालो होतो, राहून गेलं. कोणी अडवलं ते काय शेवटपर्यंत सांगितलं नाय. इथं कोणाला ठाव हाय काय?”

सुशीलाकाकूंनी मान खाली घातली. मी दुसऱ्या रांगेत होते. रोज कोर्टात तोंड चालवून पोट भरणारी बाई मी, उठले आणि चहाचे रिकामे कप गोळा करायला लागले.

महादूबाबा, हे कुणी तुम्हाला वाचून दाखवलं तर ऐका. काकांना मी अडवलं.