बैल कुणाचा बसला

आमचं गाव काळू नदीच्या काठी कसं वसलं, याची गोष्ट दोन्ही आळ्या सांगत. घाटावरून आलेल्या मूळपुरुषाचा बैल नदी उतरून इथं बसला, काही केल्या उठेना, म्हणून त्यानं इथंच घर बांधलं. भांडण एवढंच, की बैल वरल्या आळीचा की खालच्या. त्यापायी गावदेवीचा पहिला नारळ आळीपाळीनं फुटे. महायुद्धाच्या दिवसांत नारळ मिळेना, तरी पाळी कुणी सोडली नाही. मी वरल्या आळीची. या बैलापायी मी जिवाभावाच्या मैत्रिणीशी महिनाभर अबोला धरला होता.

एकदा नदी ओलांडताना गावाबाहेरच्या वाडीतली म्हातारी मोळी घेऊन माझ्यापुढं चालली होती. मी विचारलं, "आजी, बैल आमचाच ना?"

"मला नाय ठाव गो. पन नदीला उतार कुठं, तो तुमा दोघांना आमच्या आज्याच्या आज्यानं दावला. माज्या पावलावर पाय टाक, बाजूला डोह हाय."

तसंच चालत मी काठाला लागले.

त्या वर्षी नारळ आमच्या आळीनं फोडला. म्हातारी देवळाबाहेर, खोबऱ्याच्या तुकड्यासाठी, सगळ्यांच्या मागं उभी होती.