वॉटी टेटचा दुसरा मुकुट

दोन देशांच्या सीमेवरच्या डोंगरांत, आमच्या हेथरली गावात, आम्हा भटक्या जिप्सींचा राजा राहतो. राजवाडा दोन खोल्यांचा, आणि उन्हाळाभर त्याला कुलूप, कारण राजासुद्धा आमच्यासारखाच गाडी जुंपून कपबशा विकत हिंडतो. गादी यंग घराण्याची. एका यंगने गादीसाठी सख्ख्या भावाशी मैदानात दोन दिवस ठोसेबाजी केली आणि जिंकल्यावर त्याच भावाच्या पाठुंगळी बसून घरी आला, कारण पायांत त्राण नव्हतं. दुसरा एक समुद्राकडून चोरटी दारू आणायचा. झडती आली तेव्हा त्याने पिंपावर गोधडी टाकून सासूला बसवलं, आणि सासू अशी काही कण्हली की शिपायांनीच तिला पाणी पाजलं.

गादीवर बसलेली शेवटची राणी नॅन. ती गेली तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे तिचं अंथरूण-पांघरूण जाळलं, कपबशा फोडल्या आणि मुकुट हातोड्याने चेपून पुरला. मेलेल्या माणसाची वस्तू आम्ही वापरत नाही. म्हणून प्रत्येक राजाला नवा मुकुट लागतो, आणि तो टेट घराण्यातल्या कल्हईवाल्यानेच घडवायचा. नॅनचा वॉटी टेटच्या बापाने घडवला होता. तिचा मुलगा आर्ची गादीवर बसणार, तेव्हा हातोडी वॉटीच्या हाती आली. साठीला टेकलेला हा कल्हईवाला आयुष्यभर शेतकऱ्यांच्या दुधाच्या किटल्यांना बुडं लावत आलेला. मुकुट घडवायची वेळ त्याच्यावर एकदाच येणार होती.

बाजारातला पत्रा त्याला पसंत पडेना. पातळ, निस्तेज. तेवढ्यात गाडीच्या मागे टांगलेलं जुनं घमेलं दिसलं. जाड, जुन्या घडणीचं. त्याची बायको फेमी चार दिवस कपबशा विकायला गेली होती, विचारणार कोणाला? वॉटीने कात्री चालवली. सात टोकं काढली, प्रत्येकावर एक पान ठोकलं, राखेने घासून असं चमकवलं की आर्ची स्वतः येऊन बघून गेला आणि मुकुट घरी घेऊन गेला.

राज्याभिषेकाच्या दिवशी सकाळी फेमी परतली. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "माझं धुण्याचं घमेलं कुठाय?"

वॉटीच्या हातातला चहा तिथेच राहिला. आमच्यात भांड्यांचं घमेलं वेगळं, कपड्यांचं वेगळं, खुणेचा लाल दोरा बांधलेलं. परकरांच्या पाण्यातलं घमेलं अन्नाला किंवा डोक्याला लागलं की विटाळ. मोकाडी म्हणतात त्याला. लंगोटीतल्या पोरालाही हे ठाऊक.

"त्याला लाल दोरा नव्हता," वॉटी म्हणाला.

"पावसात कुजून पडला. नवा बांधायचा होता." फेमीने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग खाली पडलेल्या पत्र्याच्या कातरणांकडे. "काय केलंस रे? राजाच्या डोक्यावर माझे परकर?"

वॉटी उठला. राजवाड्यापर्यंत गेला, दारातून परतला. पुन्हा गेला. मैदानात तंबू लागलेले, पाव्यावाले सूर जुळवत होते, फोटोवाला खोका घेऊन हजर, बाहेरची हजार-दोन हजार माणसं गोळा झालेली. सांगावं तर टेटांचं नाव बुडतं, आणि दुपारी आर्ची बोडक्या डोक्याने उभा राहतो. न सांगावं तर? कोणाला कळणार होतं? हाच विचार त्याला जास्त जाळत होता. आपण एकट्याने जाणायचं आणि राजाला "महाराज" म्हणत वाकायचं. तिसऱ्या खेपेला तो आत घुसला.

आत समारंभाला आलेल्या जमीनदारीणबाई मुकुट हातात घेऊन खिडकीशी उजेडात फिरवत होत्या. वॉटीने आर्चीला कोपऱ्यात ओढलं आणि आमच्या बोलीत कानात सगळं सांगितलं.

आर्चीने खिडकीशी उभ्या बाईंकडे एकदा बघितलं. मग हळूच विचारलं, "कोणाकोणाला माहीत आहे, काका?"

"मला, फेमीला, आता तुला."

"फेमीकाकूला माहीत आहे म्हणजे घाई करायला हवी." तो वळला, बाईंपुढे वाकला आणि गंभीरपणे म्हणाला की हा मुकुट म्हणजे नव्या राजाकडून पहिली भेट, राजघराण्याची आठवण म्हणून आपल्या वाड्यात ठेवावी. बाई हरखून गेल्या. बाहेरच्यांना मोकाडी लागत नाही, ते कशात काय धुतात देव जाणे.

"दुपारपर्यंत दुसरा आण," आर्ची वॉटीच्या कानाशी पुटपुटला. "कसाही. पण स्वच्छ."

बाजार आज बंद, गावात पत्र्याचा तुकडा मिळेना. घरी पोचतो तो फेमी भांड्यांचं घमेलं पुढ्यात घेऊन बसलेली. तिच्या आईने लग्नात दिलेलं ते. "काप," ती म्हणाली. "भांडी ओढ्यात धुईन. बघतोस काय? पाव्यावाले निघाले."

वॉटीने कापलं. पाच टोकं निघाली, त्यातली दोन वाकडी, चमकवायला वेळच नाही. आर्चीने ती वस्तू निमूटपणे डोक्यावर घेतली आणि फोटोवाल्यासमोर अशा तोऱ्यात उभा राहिला की बघत राहावं.

तो फोटो अजून गावच्या गुत्त्यात टांगलेला आहे. त्याखाली बसून लोक वॉटीला विचारायचे, "वॉटी, हा मुकुट तू घडवलास की गाढवाने त्यावर बसून घडवला?" बाप कसा कारागीर होता आणि पोरगा कसा निघाला, हेही ऐकवायचे. वॉटी ग्लासात बघायचा. बाटलेला मुकुट राजाच्या घरात राहून गेला, हे कळून आर्चीला चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून तिघांनी तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि फेमीनेसुद्धा ते पाळलं. (हे तिनेच मला सांगितलं, पण दोघेही पुरुष गेल्यावर.)

दर वसंतात वॉटी जमीनदाराच्या वाड्यावर दुरुस्त केलेल्या किटल्या घेऊन जायचा. आदल्या दिवसापासून तो जेवायचा नाही, उगाच हत्यारं घासत बसायचा. दिवाणखान्यात मधल्या टेबलावर तो सात टोकांचा मुकुट उलटा ठेवलेला, आणि त्यात फळं.

"किती सुरेख हात आहे तुझा," बाई दरवेळी म्हणायच्या आणि त्यातलं एक सफरचंद उचलून त्याला द्यायच्या. तेवढं एकच कौतुक त्याच्या वाट्याला यायचं. तो टोपी काढून वाकायचा, सफरचंद खिशात टाकायचा आणि भराभर बाहेर यायचा.

फाटकाशी गाडीवर फेमी वाट बघत असायची.

"छान म्हणाल्या?"

"म्हणाल्या."

आणि तो सफरचंद घोड्याच्या तोंडापुढे धरायचा.