खंडेनवमीची ओली जमीन

बंद पडलेल्या कारखान्यांची माती उकरणं हा माझा धंदा. इंजिनिअरिंग केलं, नोकरी लागली आणि हातात आलं ते गिरमिट. ते जमिनीत पिळत न्यायचं, खालची माती वर काढायची, बरणीत भरून प्रयोगशाळेत पाठवायची. मातीत काय मुरलंय ते कळलं की मग सांगायचं, इथे माणसांनी वावरावं की नाही. आई म्हणायची, एवढं शिकून शेवटी खड्डेच खणतेस. तिला मी कधी उलट उत्तर दिलं नाही, कारण ते खरंच होतं.

मागच्या वर्षी सातपूरचं काम आलं आणि पत्ता वाचून मी हसलेच. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, जन्मभर ज्या कंपनीत लोखंडी भागांना क्रोमचा मुलामा देत होते, तीच ही कंपनी. बंद पडून बरीच वर्षं झालेली. नव्या मालकाला तिथे पॅकिंगचं युनिट काढायचं होतं. कामाला बहुतेक बायकाच येणार, म्हणून त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर हवं होतं, तेही मागच्या अंगणात, बदामाच्या झाडाखाली. तिथे लेकरांना खेळू द्यायचं की नाही, हे मी सांगायचं. आमच्या साहेबांना म्हटलं, ही माझ्या वडिलांची कंपनी आहे. ते म्हणाले, मग बरंच झालं, जुनी माहिती त्यांनाच विचार.

मला मनापासून हो म्हणायचं होतं. ते अंगण म्हणजे माझ्या लहानपणातला सगळ्यात चांगला दिवस. एरवी वॉचमन फाटकाच्या आत पाऊल टाकू द्यायचा नाही. खंडेनवमीला मात्र मशीनची पूजा, आणि त्या दिवशी कामगारांच्या बायकापोरांना मुभा असायची. टाक्यांना झेंडूच्या माळा, मशीनवर हळदकुंकू, आणि दादा इस्त्रीच्या शर्टात. स्वतःच्या टाकीपाशी ते लग्नातल्या वरबापासारखे उभे राहायचे. पूजा झाली की मागच्या अंगणात सतरंज्या पडायच्या. चिवड्याची पुडी, पेढा, आणि आम्ही पोरं खाली पडलेले बदाम दगडाने फोडून खायचो. पुढे मी पुष्कळ चांगल्या ठिकाणी जेवले, पण त्या पुडीची सर कशाला आली नाही.

आमच्या कामात आधी जुन्या माणसांना विचारायचं असतं, की काय कुठे सांडायचं, पाणी कुठे जायचं. दादांना विचारलं तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते मूळचे दिंडोरीकडचे, बोली अजून सुटलेली नाही.

"पाणी गटारीला जायचं, पुढच्या अंगाला. मागं काय नव्हतं. आमची कंपनी लय शिस्तीची होती, बाई. तिला दुसऱ्यांच्या रांगेत बसवू नको."

जुने नकाशेही तेच सांगत होते. म्हणून मी खड्ड्यांच्या खुणा केल्या त्या जवळजवळ सगळ्या पुढच्या बाजूला, टाक्या होत्या तिथे. मागे नावापुरता एक खड्डा, तोही कुंपणाजवळ; त्या अंगणात काही सापडायलाच नको होतं मला.

कामाच्या दिवशी दुपारी डबा घेऊन मी बदामाखाली गेले. बसताना कुर्ता सावरून वर धरला आणि आईचं बोलणं आठवलं. फ्रॉक वर धर गं, तिकडे ओलंय. दर खंडेनवमीला हेच. झाडापाशी एक ओला पट्टा असायचा आणि सतरंजी त्याच्या अलीकडे अंथरायची. एका वर्षी माझ्या नव्या फ्रॉकच्या झालरीला पिवळा डाग पडला, तो काही केल्या निघाला नाही, आणि मला धपाटा बसला. ही गोष्ट मी आयुष्यभर हसत सांगत आलेय. त्या दुपारी पहिल्यांदा डोक्यात आलं, खंडेनवमीला पाऊस गेलेला असायचा, जवळपास नळ नव्हता, मग तेवढीच जमीन ओली कशाने असायची?

डबा तसाच ठेवून दादांना फोन लावला. "दादा, खंडेनवमीच्या आधी तुम्ही टाक्या धुवायचात का?"

"मग? पूजेला घाण टाकी ठेवायची का काय?" दादा एकदम खुलले. "आदल्या दिवशी टाकी रिकामी करायची, आत उतरायचं, तळाचा गाळ खरवडून काढायचा. माझ्या टाकीत तोंड दिसायचं. मॅनेजर बाकीच्यांना आणून दाखवायचे."

"आणि तो गाळ?"

"मागं, बदामापाशी. पुढं पूजा मांडायची, तिकडं कसा टाकणार?"

दादा खोटं बोलले नव्हते. रोजचं पाणी पुढेच जायचं. ही वर्षाची साफसफाई सांडपाण्यात धरायची असते, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती पूजेची तयारी होती.

झाडाभोवती गिरमिट लावलं. अहवाल आला, आणि मागच्या मातीत क्रोम भरमसाट निघालं, तेही विषारी जातीचं. रांगती पोरं माती तोंडात घालतात. मी लिहून दिलं, अंगणात पाळणाघर नको, माती काढून न्या, झाडही ठेवता येणार नाही. मालक कुरकुरला, पण रस्त्याकडच्या जुन्या ऑफिसात पाळणाघर हलवायला तयार झाला. तिथली माती स्वच्छ निघाली होती. झाडाचं वाक्य लिहिताना मला रडू आलं.

दादांना सांगायला मी बरेच दिवस लावले. सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. त्यांच्या हातांवरचे जुने गोल चट्टे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

"आम्ही तर साफ करत होतो," ते म्हणाले. मग, "तू बदाम खायचीस तिथले. तुला काय त्रास नाय ना?"

"नाही दादा. मी ठणठणीत आहे."

"अन् ती लेकरं?"

"ती तिथे जाणार नाहीत."

यंदा खंडेनवमीला त्यांनी माझं गिरमिट पूजेला मागून घेतलं. ते धुतलेलंच होतं, तरी घरच्या अंगणात पाट टाकून बसले आणि बादलीभर साबणाच्या पाण्यात त्यांनी ते घासून घासून लख्ख केलं. पुसून पाटावर ठेवलं, झेंडूचं फूल वाहिलं. मग बादली उचलून पेरूच्या झाडाकडे निघाले, सवयीने. मध्येच थांबले आणि माझ्याकडे वळले.

"बाई, हे पाणी कुठं टाकू?"

नुसतं साबणाचं पाणी होतं ते. तरी दादा बादली हातात धरून उभेच राहिले.